निसर्गात नसलेल्या कणानं दाखवलेली वाट

जानेवारी १९७९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात पाच पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक चार: जोसेफ गोल्डस्टीन, वाय. के. हो, संदीप बसू आणि मायकेल ब्राउन. काम डॅलसमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान केंद्रातलं. निबंधाचं शीर्षक लांबलचक आहे आणि त्यात काहीही राखून ठेवलेलं नाही. मॅक्रोफेज पेशींच्या पृष्ठभागावर एक जागा आहे. ॲसिटिल गट जोडलेलं एलडीएल तिथं धरलं जातं, आत ओढलं जातं, तिथं त्याचा चुरा होतो आणि पेशीत कोलेस्टेरॉलचा प्रचंड साठा तयार होतो. एवढं सगळं शीर्षकातच कळतं. तरीही पुढची पाच पानं वाचताना उत्सुकता कमी होत नाही, कारण या निबंधाची खरी गोडी निष्कर्षापेक्षा तो निष्कर्ष हाती कसा आला यात आहे.

आधी पेच समजून घ्यायला हवा. एलडीएल हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. पन्नाशीच्या आसपासच्या माणसांच्या गप्पांत लिपिड प्रोफाइलचे आकडे येतातच. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण. व्यास जेमतेम २२ नॅनोमीटर. त्याच्या गाभ्यात कोलेस्टेरॉल-एस्टरचे सुमारे १५०० रेणू, त्याभोवती फॉस्फोलिपिड आणि मोकळ्या कोलेस्टेरॉलचा पातळ थर, आणि त्या सगळ्याला वेढून बसलेलं एकच मोठं प्रथिन, अपोप्रोटीन बी. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं होतं की शरीरातल्या पेशी हा कण एका विशिष्ट रिसेप्टरमार्फत आत घेतात. काही कुटुंबांत हा रिसेप्टर जन्मतःच सदोष असतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं मूल दहा लाखांत एखादं. त्याच्या रक्तातलं एलडीएल इतरांच्या सहा ते दहापट असतं, आणि हृदयविकाराचा झटका त्याला बालपणीच गाठू शकतो. या कामासाठी दोघांना १९८५चं नोबेल मिळालं.

पण याच यशात एक विसंगती होती. धमनीच्या आतल्या थरात कोलेस्टेरॉल साचतं तेव्हा तिथं चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या पेशी सापडतात. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय ॲनिच्कोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातलं, तेव्हापासून या पेशी अभ्यासकांच्या ओळखीच्या आहेत. ऊतीचा काप तयार करताना चरबी धुऊन जाते, मागे पोकळ्या उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फेस आल्यासारखी दिसते. म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. त्यांतल्या बऱ्याचशा मूळच्या मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकारक व्यवस्थेतल्या, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळून टाकणाऱ्या पेशी. आता प्रश्न असा की ज्या मुलांच्या पेशींवर एलडीएलचा रिसेप्टरच नाही, त्यांच्या मॅक्रोफेज एलडीएलमधल्या कोलेस्टेरॉलनं भरतात कशा? रिसेप्टर नाही म्हणजे आत जायची सोय नाही. मग त्यांच्या पेशी रिकाम्या राहायला हव्यात. प्रत्यक्षात त्या सर्वांत जास्त भरलेल्या असतात.

विसंगती इथंच थांबत नाही. निरोगी माणसाच्या पेशीही नेहमीच्या रिसेप्टरमार्फत इतक्या भरूच शकत नाहीत. त्या रिसेप्टरची व्यवस्था गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटसारखी आहे. आत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की पेशी रिसेप्टर बनवणं कमी करते आणि आवक आपोआप बंद पडते. काचेच्या बशीत वाढवलेल्या मॅक्रोफेजना साधं एलडीएल भरपूर दिलं, तरी त्या फेसाळ होत नव्हत्या. रोग्याच्या धमनीत जे सर्रास घडतं, ते प्रयोगशाळेत घडवता येत नव्हतं.

डॅलसच्या या गटानं जी युक्ती केली, ती मला या निबंधातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्यांनी एलडीएलवर ॲसिटिक ॲनहायड्राइडची क्रिया केली. व्हिनेगरसारखा पण नाकाला झोंबणारा वास असलेलं हे साधं रसायन रसायनशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत मिळतं. अपोप्रोटीन बी मध्ये लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचे शेकडो अवशेष असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला धन विद्युतभार असतो. ॲसिटिल गट त्या टोकाला जोडला गेला की तो धन भार नाहीसा होतो, आणि कण एकंदरीत अधिक ऋण भाराचा बनतो. कणाचा गाभा तसाच राहतो, त्यातलं कोलेस्टेरॉल तेवढंच राहतं. बदलतं ते फक्त बाहेरचं विद्युत रूप. नेहमीचा एलडीएल रिसेप्टर या बदललेल्या कणाला ओळखत नाही.

हा ॲसिटिलयुक्त कण शरीरात तयार होत असल्याचा पुरावा लेखकांकडे नव्हता, आणि तो होत असावा असा त्यांचा दावाही नव्हता. निसर्गात नसलेली एक वस्तू त्यांनी हातानं घडवली, ती पेशीपुढे ठेवली, आणि निसर्गात असलेली एक वाट तिच्या मदतीनं शोधून काढली. शरीराबाहेरच्या वस्तूनं शरीरातलं सत्य उघड करण्याची ही रीत औषधशास्त्रात जुनीच आहे. पण इथं ती इतक्या कमी साधनांत वापरली आहे की वाचताना थक्क व्हायला होतं.

निकाल आला तो असा: उंदराच्या पोटाच्या पोकळीतून काढलेल्या मॅक्रोफेज पेशींनी ॲसिटिल-एलडीएल साध्या एलडीएलच्या २० पट वेगानं आत घेतलं आणि पचवलं.

पण वेग वाढला एवढ्यावरून जागा सिद्ध होत नाही. मॅक्रोफेज मुळातच खादाड. त्या आजूबाजूच्या द्रवाचे घोट घेतच असतात. कण त्या घोटांबरोबर आत गेला असेल, असा आक्षेप सहज घेता आला असता. तो आक्षेप ज्या प्रयोगानं उडवून लावला आहे, तो बारकाईनं पाहण्यासारखा आहे. ॲसिटिल-एलडीएलच्या प्रथिनाला आधी आयोडीन-१२५ या किरणोत्सारी समस्थानिकाची खूण केली. मग पेशींची बशी ४ अंश सेल्सिअसला ठेवली. इतक्या थंडीत पेशी पृष्ठभागावर कण धरून ठेवू शकते, पण आत घेऊ शकत नाही. जे चिकटायचं ते चिकटतं आणि तिथंच अडकून राहतं. नंतर बशी ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या उष्णतेवर आणली. आता घड्याळ सुरू. एका तासात पेशीला चिकटलेल्या किरणोत्सारापैकी ७५ टक्के एका छोट्या रेणूच्या रूपात मिळाला: एकच आयोडीन जोडलेलं टायरोसिन. म्हणजे प्रथिनाचे इतके तुकडे झाले की शेवटी आयोडीन चिकटलेलं एकटं अमिनो आम्ल उरलं. हे काम पेशीतल्या लायसोसोमचं, म्हणजे तिच्या पचनाच्या पिशव्यांचं.

ही दोन तापमानांची रचना मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तिच्यातल्या शिस्तीचं कौतुक वाटतं. एरवी चिकटणं, आत जाणं आणि पचणं या क्रिया एकमेकींत मिसळलेल्या असतात. कुठली आधी, कुठली नंतर, हे कळायला मार्ग नसतो. थंडीनं पहिली क्रिया वेगळी काढली आणि उबेनं उरलेल्या दोन्ही एकदम सोडल्या. बाहेर चिकटलेला तोच कण आत जाऊन पचतो, हे त्यातून निर्विवाद ठरलं. शिवाय ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या विकरानं पेशींचा पृष्ठभाग हाताळला की बंधन नाहीसं होतं. म्हणजे धरून ठेवणारी जागा प्रथिनाची आहे आणि ती बाहेरच्या बाजूला आहे.

लेखक इथं रिसेप्टर हा शब्द घाईनं वापरत नाहीत, शीर्षकातही ‘बंधनाची जागा’ एवढंच म्हणतात. या विषयात रिसेप्टर हा शब्द रूढ करणारे दोघे लेखकांत असताना हा संयम नजरेत भरतो.

मग ते विचारतात, ही जागा नेमकं ओळखते काय? साधं एलडीएल कितीही घातलं, तरी ॲसिटिल-एलडीएलचं बंधन अडत नाही. पण मॅलेइल गट जोडलेलं एलडीएल घातलं तर अडतं. मॅलेइल गट जोडलेलं अल्ब्युमिन घातलं तरी अडतं, आणि अल्ब्युमिनचा तर कोलेस्टेरॉल वाहण्याशी संबंधच नाही. पुढची नावं अधिक अनपेक्षित आहेत: फ्युकॉइडिन आणि डेक्स्ट्रान सल्फेट. दोन्ही सल्फेटयुक्त बहुशर्करा, त्यांतली फ्युकॉइडिन समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून मिळणारी. रक्तातला मेदाचा कण, रक्तातलं एक निराळंच प्रथिन आणि समुद्रातल्या शेवाळातली साखर, या तिघांत साम्य कसलं? ऋण भार. पेशीला इथं मेद ओळखायचाच नाही. तिला बदललेल्या पृष्ठभागाची खूण पुरते. रोगप्रतिकारक पेशीला हे शोभणारंच आहे. जंतू असो, खराब झालेलं प्रथिन असो, तिचं काम परकं किंवा बिघडलेलं ओळखून उचलण्याचं. धमनीच्या आजारात तिचा हाच गुण तिला गोत्यात आणतो.

यापुढे पेशींची एक यादी येते. घाईत वाचणारा ती ओलांडून जाईल, मी मात्र तिथं थांबतो. अशीच जागा उंदरांखेरीज प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांच्या (रॅट) मॅक्रोफेजवर सापडली, गिनीपिगच्या यकृतातल्या कुपफर पेशींवर सापडली आणि माणसाच्या रक्तातून वेगळ्या काढून वाढवलेल्या मोनोसाइट, म्हणजे पुढे मॅक्रोफेज बनणाऱ्या पेशींवरही सापडली. माणसाच्या लिम्फोसाइटवर सापडली नाही, फायब्रोब्लास्टवर नाही, उंदराच्या एल पेशींवर आणि वाय-१ अधिवृक्क पेशींवर नाही, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींवरही नाही. ‘सापडली नाही’ हे सांगायला जो कष्ट घेतो, त्याच्या ‘सापडली’वर विश्वास ठेवावासा वाटतो. या यादीमुळे ही वाट मॅक्रोफेज आणि तिच्या भाऊबंदांचीच आहे हे ठरतं. आणि माणसाच्या मोनोसाइटमुळे सगळा विषय उंदराच्या पोटातून निघून आपल्या धमनीपर्यंत येतो.

तीन आकडे या निबंधाचा कणा आहेत: २०, १०० आणि ३८. तिन्ही पटींत सांगितलेले, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. २० पट हा आत घेण्याचा आणि पचवण्याचा वेग. १०० पट वाढ झाली ती कोलेस्टेरॉल पुन्हा एस्टर बनवून साठवण्याच्या क्रियेत. लायसोसोममध्ये कणाचा चुरा झाला की मोकळं कोलेस्टेरॉल सुटतं. ते पेशीच्या पटलात फार झालं तर पटलाला घातक ठरतं, म्हणून पेशी त्याला मेदाम्ल जोडते आणि निरुपद्रवी थेंबांच्या रूपात बाजूला ठेवते. एरवी ही क्रिया मॅक्रोफेजमध्ये जवळजवळ निजलेली असते, म्हणून ती जागी झाली की आकडा एकदम शंभरावर जातो. पण हा क्रियेचा आकडा आहे, मालाचा नव्हे. माल मोजला तेव्हा तो ३८ पट निघाला. पेशीत आधी जितकं कोलेस्टेरॉल होतं, त्याच्या ३८ पट.

मला विचाराल तर हा ३८ सर्वांत भीषण आकडा आहे. फ्लोट असलेल्या पेशीत असं होणं शक्यच नसतं. इथं आवक वाढते, पचन वाढतं, साठवण वाढते, आणि यातली एकही गोष्ट पेशीला आता बस म्हणत नाही. जागेची संख्या आतल्या साठ्यावर अवलंबून नसल्यामुळे मॅक्रोफेज स्वतःच्या कर्तव्यनिष्ठेपायी भरत जाते. समोर बिघडलेला कण आहे, तो उचलायचा, एवढंच तिला ठाऊक. धमनीच्या भिंतीत हे वर्षानुवर्षं चाललं तर काय होईल, हे लेखक लिहीत नाहीत, पण या आकड्यापाशी आलेला प्रत्येक वाचक ते मनात पुरं करतो. आयुष्यभर स्वच्छतेचं काम केलेल्या पेशींच्या प्रेतांचा ढीग हाच पुढे ब्लॉकेजचा मऊ गाभा बनतो.

शेवटचा भाग मी कित्येकांना आवर्जून वाचायला सांगतो. इतकं मोठं काही हाती लागल्यावर लेखक काय म्हणतात? या जागेला शरीरात काही महत्त्व आहे का, असलंच तर काय, हे अजून ठाऊक नाही, असं आधी स्पष्ट नोंदवतात. मग एक अंदाज मांडतात: शरीरात एलडीएल काही कारणानं बिघडत असेल, तर ते उचलण्याची ही पर्यायी, सफाईची व्यवस्था असावी. आणि अशी व्यवस्था खरोखर असेल, तर कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल, म्हणजे तोच जन्मजात सदोष रिसेप्टर, असलेल्या रोग्यांच्या मॅक्रोफेज का भरतात, याचा उलगडा होऊ शकेल. रिसेप्टर नसल्यामुळे एलडीएल रक्तात दीर्घकाळ फिरत राहतं, बिघडायला त्याला वेळ मिळतो, आणि बिघडलं की मॅक्रोफेज ते उचलते. पहिल्या पेचाचं उत्तर हे, आणि ते ‘जर’नं सुरू होणाऱ्या वाक्यात ठेवलेलं आहे.

हा संयम भित्रेपणाचा नाही. माहीत असलेलं आणि सुचलेलं यांच्यातली रेघ त्यांनी वाचकाच्या डोळ्यांदेखत आखली आहे. तरी एक उणीव नोंदवायला हवी. बिघडलेलं एलडीएल म्हणजे नेमकं कसं बिघडलेलं, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या पाच पानांत पोकळच राहतो. ॲसिटिल गट शरीरात लागत नसेल, तर लागतं काय? निबंध या उंबरठ्यावर येतो आणि थांबतो.

तो उंबरठा इतरांनी ओलांडला. १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये ॲलन फोगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मॅलॉनडायअल्डिहाइड जोडलेलं एलडीएल माणसाच्या मोनोसाइट-मॅक्रोफेज झपाट्यानं उचलतात. हा पदार्थ मेदाच्या ऑक्सिडेशनमधून शरीरातही तयार होतो. १९८१मध्ये डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटानं साधं एलडीएल रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींबरोबर नुसतं ठेवलं, आणि मॅक्रोफेज ते बदललेलं म्हणून ओळखू लागल्या. १९८४मध्ये कळलं की अस्तराच्या पेशी एलडीएलचं ऑक्सिडेशन करतात आणि ई जीवनसत्त्व घातलं तर ते थांबतं. १९९० साली माँटी क्रीगर आणि तात्सुहिको कोदामा यांच्या गटानं जागेचं जनुक मिळवलं. तीन साखळ्यांचं, कोलॅजेनसारखी लांब दांडी असलेलं प्रथिन निघालं ते. त्या दांडीवरच्या धन भारांमुळे ऋण भाराचे इतके वेगवेगळे रेणू तिथं का चिकटतात, हेही बरंचसं उलगडलं. डॅलसमध्ये जी नुसती ‘जागा’ होती, तिला आता चेहरा मिळाला.

मात्र पुढची वाट सरळ गेली नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या चाचण्यांनी निराशा केली. नऊ हजारांहून अधिक रोग्यांवरच्या होप चाचणीचे निष्कर्ष २००० साली आले आणि जीवनसत्त्व देऊन हृदयविकार कमी झालेला दिसला नाही. डॅलसमध्ये सापडलेली ती जागा, म्हणजे हा नवा रिसेप्टर, नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा १९९७च्या एका अभ्यासात त्यांच्या धमन्या कमी खराब झालेल्या दिसल्या, तर २००५च्या दुसऱ्या अभ्यासात तसा फायदा आढळला नाही. दरम्यान बिघडलेलं एलडीएल उचलणारे सीडी३६सारखे आणखी रिसेप्टर सापडले होते आणि मॅक्रोफेज नुसते घोट घेऊनही एलडीएलनं भरू शकते, हेही पुढे आलं होतं. मूळ निबंधानं ज्या आक्षेपाला इतक्या नीटपणे बाजूला सारलं, तोच वेगळ्या रूपानं परत आला. मला यात डॅलसच्या कामाचा पराभव दिसत नाही. त्यांनी दाखवलेली वाट खरीच होती, फक्त ती एकमेव नव्हती. आणि ती एकमेव आहे असं त्यांनी कुठंही लिहिलेलं नाही.

चार लेखकांतल्या संदीप बसू यांच्याकडे वळून थांबतो. हे बंगाली शास्त्रज्ञ पुढे भारतात परतले, चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेचे संचालक झाले. डॅलसच्या निबंधात मॅलेइल गट जोडलेलं अल्ब्युमिन आलं होतं ते केवळ तपासणीचं साधन म्हणून, जागा काय ओळखते हे पडताळण्यापुरतं. बसूंनी त्याचा उलटा विचार केला. मॅक्रोफेज जर हे अल्ब्युमिन एवढ्या आवडीनं उचलते, तर त्याला औषध बांधून का पाठवू नये? लिशमेनिया हा परजीवी नेमका मॅक्रोफेजच्या आत घर करतो. त्याच्या एका जातीमुळे बिहार-बंगालमधला काळा आजार होतो. अमिताभ मुखोपाध्याय आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध या अल्ब्युमिनला जोडलं. १९८९ साली ‘सायन्स’मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात त्वचेचा विकार करणारी लिशमेनियाची जात वापरली होती. हॅमस्टरच्या मॅक्रोफेजमधले परजीवी मारण्यात जोडलेलं औषध मोकळ्या औषधाच्या जवळपास १०० पट प्रभावी ठरलं. हॅमस्टरच्या पंजावर मुद्दाम घडवून आणलेल्या व्रणांचा आकार ११ दिवसांत ९० टक्क्यांहून जास्त घटला. तेवढ्याच प्रमाणात दिलेल्या मोकळ्या औषधानं व्रणांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.